हुकूम पोचला होता

आरोपीबद्दल चांगलं बोलायला सुरुवात झाली की आम्ही समजायचो, तो दोषी ठरला.

हे मी एकदा घरी सांगितलं तेव्हा बाबा म्हणाले, "म्हणजे तुमच्या लष्करात सगळंच उलटं!" पण ती तिथली पद्धत होती. लष्करी कोर्टात निकाल निर्दोष असेल तर तो तिथल्या तिथे, सर्वांसमोर जाहीर करत. दोषी असेल तर वरच्या अधिकाऱ्याची मंजुरी येईपर्यंत तो पक्का नसे, म्हणून तसं तोंडाने कुणी म्हणत नसे. बंद दार उघडायचं, आम्ही सगळे आत जायचो आणि अध्यक्ष फिर्यादी अधिकाऱ्याकडे वळून विचारायचे, "आरोपीची वागणूक आणि नोकरी, याबद्दल काही सांगायचं आहे?" तेवढ्यावरून कळायचं. मग त्या माणसाची पदकं निघत, जखमा निघत, जुन्या साहेबांचे शेरे निघत. ज्याच्याविरुद्ध इतके दिवस बोलणं झालं, त्याच्याबद्दल इतकं छान ऐकायला मिळे की वाटे, हा माणूस आरोपीच्या जागी बसलाच कसा?

मी ते सारं लघुलिपीत उतरवून घ्यायची. माझं कामच ते होतं.

लग्नानंतर नोकरी सोडली, त्याला आता वर्ष होईल. या अंकाच्या संपादकबाईंनी "बाईमाणसाने लष्करात काय पाहिलं" यावर लिहायला सांगितलं. खरं सांगायचं तर मी बहुतेक वेळ पेन्सिलीच्या टोकाकडेच पाहिलं. पण कान उघडे होते. माझं शिक्षण सगळं इंग्रजीत, कॉन्व्हेंटमध्ये झालं. मराठी लिहिताना अजून मी चाचपडते, तेव्हा वाचकांनी सांभाळून घ्यावं. नावं सगळी बदलली आहेत. पलटणीचं नाव देत नाही.

अंधेरी स्टेशनच्या पूर्वेला, मरोळच्या दिशेने टांग्याने बरंच आत गेलं की महायुद्धाच्या काळातल्या बराकी लागायच्या. दोन्ही बाजूंना भातशेती, मागे डोंगर. बराकींच्या फळ्यांना डांबराचा वास होता, तो उन्हात वाढायचा. आवारात एक चिंच होती. तिच्या सावलीत टांगेवाला उस्मानचाचा दिवसभर घोड्याला उभं करून झोपायचा, कारण संध्याकाळी परत जाणारं गिऱ्हाईक मी एकटीच. "मिसबाबा, आज किसको लटकाया?" असं तो रोज विचारायचा. कुणालाच नाही, असं मी रोज सांगायची.

त्या कॅम्पात बाई म्हणून मीच होते. सगळे मला "मिस" म्हणत. साहेबांच्या तोंडी "मिस राऊळ" चं "मिस राऊल" व्हायचं. साहेबांशी मी इंग्रजीतच बोलायची, म्हणून मला मराठी कळत नाही असं त्यांना वाटायचं. मी तेही कधी दुरुस्त केलं नाही. मी कुणाला काहीच दुरुस्त करत नसे. शाळेतही मला वही न उघडता उत्तर यायचं, पण हात वर व्हायचा नाही.

लघुलिपीत बारीक रेघ आणि जाड रेघ यांत अक्षर बदलतं, म्हणून पेन्सिल मऊ लागते आणि टेबल पक्कं लागतं. टेबल पक्कं नव्हतं. एक सुभेदार साक्षीला आला होता, तो प्रत्येक प्रश्नाला उभ्या उभ्या टाच आपटून "जी साहब!" म्हणायचा. फळ्यांची जमीन हलायची, टेबल हलायचं, आणि माझ्या बारीक रेघा जाड व्हायच्या. शेवटी अध्यक्षांनी त्याला बूट काढायला सांगितले. अनवाणी झाल्यावर त्याला उत्तरंच सुचेनात.

दुसरा एक शिपाई पहाऱ्यावर झोपल्याच्या आरोपाखाली आला होता. त्याचं म्हणणं, "मी झोपलो नव्हतो. डोळे मिटले की कान चांगले चालतात, म्हणून डोळे मिटून पहारा देत होतो."

अध्यक्षांनी विचारलं, "मग काय ऐकलंस?"

"साहेबांचे बूट. पण जरा उशिरा."

अध्यक्षांसकट सगळे हसले. मीसुद्धा हसले, पण हसणं लिहायचं नसतं.

असे खटले बरेच आले. कोणी रजेवरून परत आला नाही, कोणी स्वयंपाक्याला पळीने मारलं. त्यांतलं बरंचसं आता पुसट झालं आहे. हवालदार परब मात्र अजून समोर दिसतो.

परब कुडाळकडचा. चाळिशीच्या आत-बाहेर, सावळा, किरकोळ बांध्याचा. डाव्या पायाची बोटं काश्मीरच्या बर्फात गेली होती, म्हणून चालताना जरा तिरका पडायचा. इस्पितळात फार दिवस गेले, मग चौकशीत गेले, त्यामुळे तिकडची लढाई थांबून पुष्कळ काळ झाल्यावर त्याचा खटला उभा राहिला, आणि तोही आमच्या इथे. आरोप होता, शत्रूसमोर असताना वरिष्ठाचा हुकूम मोडल्याचा.

आरोपीला कोर्टात टोपी आणि पट्टा घालू देत नाहीत. पहिल्या दिवशी दोन शिपायांच्या मध्ये तो बोडक्या डोक्याने व्हरांड्यातल्या बाकावर बसला होता. मी दुसऱ्या टोकाला पेन्सिलींना टोकं करत होते. पायऱ्यांवर एक म्हातारा येऊन बसला. काळी टोपी, स्वच्छ धोतर, हातात छत्री. लष्करी कोर्ट लोकांना पाहता येतं, पण सहसा कुणी येत नसे.

म्हातारा परबकडे बराच वेळ बघत राहिला. मग मला म्हणाला, "उघड्या डोक्यान कशाक बसवलो हा तेका?"

मी शुद्ध मराठीत सांगितलं, "इथला नियम आहे."

"आणि तू खयची गो?"

"अंधेरीची."

"ता झाला. पण मूळची?"

तेवढ्यात आत बोलावणं आलं म्हणून मी सुटले. आम्ही वेंगुर्ल्याचे. घरात मालवणीच बोलतो. पण शाळेच्या पहिल्याच दिवशी मी बाईंकडे "माका पाणी" मागितलं आणि अख्खा वर्ग हसला. तेव्हापासून ती भाषा मी घराच्या उंबऱ्याबाहेर आणली नव्हती.

त्या म्हाताऱ्याचं नाव धोंडू घाडी. घाटकोपरला मोठ्या मुलाकडे राहायचा. धाकटा मुलगा गोविंद परबच्या तुकडीत होता आणि तिकडेच मेला. हे मला बचावाचे अधिकारी कॅप्टन बर्वे यांनी सांगितलं. बर्वे पुण्याचे, तरुण, तिखट जिभेचे. प्रत्येक आरोपीला असा एक अधिकारी मिळतो. काही नुसते बसून राहत. बर्वे भांडायचे.

खटला असा होता. एका ओढ्यावर लाकडी पूल होता आणि त्याच्या वरच्या अंगाला टेकडीवर परबची तुकडी मशीनगन लावून बसली होती. हल्लेखोर त्या पुलावरून येणार अशी खबर होती. पहाटे पुलावर माणसं दिसली. गावकरी होते, बायका होत्या, शेळ्या होत्या, आणि घोंगड्यांखाली बंदुका लपवलेले हल्लेखोरही त्यांच्यातच मिसळलेले होते. खालच्या ठाण्यावरून मेजरसाहेबांनी टेलिफोनवर हुकूम दिला, गोळी चालवा. टेलिफोनवर गोविंद होता. त्याने हुकूम जसाच्या तसा परत म्हणून दाखवला. तशी रीतच असते. पण मशीनगन चालली नाही. सगळे लोक पूल ओलांडून गेले. आणि दुपारी त्यांच्यातल्याच हत्यारबंद माणसांनी खालच्या ठाण्यावर हल्ला केला. त्यात आपली माणसं मेली. तुटलेली तार जोडायला गोविंद खाली गेला होता, तोही त्यांत गेला.

प्रश्न एवढाच होता: टेलिफोनवर गोविंदला मिळालेला हुकूम थोड्या अंतरावर मशीनगनमागे पडलेल्या परबला कळला होता का? तुकडीतले बाकीचे म्हणाले, वारा फार होता, आम्ही काही ऐकलं नाही. गोविंद नव्हता. म्हणजे सांगू शकणारा एकटा परब, आणि परबने काहीही सांगावं अशी कायद्याने त्याच्यावर सक्ती नव्हती. सुरुवातीला त्याला आरोप वाचून दाखवला तेव्हा तो "दोषी नाही" एवढंच म्हणाला होता.

तिसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत बर्वे त्याच्याशी व्हरांड्यात बोलत होते. पहारेकऱ्यांना त्यांनी खाली चिंचेजवळ पाठवलं. मी होते तिथेच होते. माझ्यासमोर लोक बिनधास्त बोलत. टेबलाखुर्चीसमोर बोलावं तसं.

"हवालदार, उद्या तुमचं निवेदन," बर्वे म्हणाले. "शपथ नाही. उलटतपासणी नाही. दोन वाक्यं बोलायची. वारा होता, मला हुकूम ऐकू आला नाही. आणि खाली बसायचं."

"म्हणजे गोविंदान माका सांगूकच नाय, असा?"

"मी तसं म्हणत नाही."

"कोर्ट म्हणतला."

"म्हणू दे! परब, गोविंद मेलाय. त्याचं आता कोण काय वाकडं करणार? तुम्ही जिवंत आहात. घरी दोन पोरी आहेत. तुरुंगात गेलात तर त्यांच्याकडे बघणार कोण? कळतंय का?"

"कळता, साहेब."

"मग?"

परबने हनुवटीने पायऱ्यांकडे दाखवलं. "तेचो बापूस थंय बसलो हा. रोज येता. माझ्याशी एक शब्द बोलूक नाय. नुसतो बघता."

"बघू दे."

"तेका काय होया, माका ठाव आसा. तेच्या झिलान, गोविंदान, काम केल्यान की भियान गप बसलो, ता तेका कळाक होया."

बर्व्यांनी सिगारेट पायाखाली चिरडली. "फणस परवडला! हाताला तेल लावलं की निदान चीक तरी लागत नाही. तुम्हाला कशाने सोलायचं?"

"फणसाक गरे तरी असतत, साहेब," परब म्हणाला आणि चक्क हसला. बर्वे मात्र हसले नाहीत. जाता जाता माझ्याकडे बघून इंग्रजीत म्हणाले, "मिस राऊळ, तुम्हाला हे कळत नाही तेच बरं आहे."

मी मान हलवली. पेन्सिल इतकी टोकदार केली होती की शिसंच तुटलं.

त्या संध्याकाळी उस्मानचाचाने नेहमीचा प्रश्न विचारला तेव्हा मी म्हटलं, अजून तरी कुणालाच नाही. टांगा शेतांमधून चालला होता आणि मला एकच वाटत होतं, परबने उद्या ती दोन वाक्यं बोलावीत. मग वाटे, घाडी म्हातारा ती ऐकून पायऱ्या उतरून घाटकोपरला कसा जाईल? दोन्हीकडून विचार केला तरी कुणीतरी एक जण बुडतच होता. हुकूम मोडल्याने पुलावरची माणसं वाचली आणि ठाण्यातली मेली. आता तो खरं बोलला तर स्वतः जाणार, खोटं बोलला तर मेलेला पुन्हा मरणार. बाबांना मी विचारलं, "माणूस मेल्यावर त्याची बदनामी झाली तर त्याचं काय बिघडतं?" बाबा गोदीत हेडक्लार्क. वर्तमानपत्राआडून म्हणाले, "तेचा काय्येक नाय. तेच्या बापाशीचा बिघडता."

दुसऱ्या दिवशी कोर्ट भरलं. मधोमध अध्यक्ष, मद्रासकडचे कर्नल, त्यांच्या दोन्ही बाजूंना इतर अधिकारी. कायदा समजावून सांगायला एक मेजर वेगळ्या टेबलाशी. सगळं कामकाज इंग्रजीत. दुभाषी म्हणून नागपूरकडचे एक कॅप्टन नेमले होते. साक्षी हिंदुस्थानीत झाल्या होत्या, त्यामुळे त्यांचं काम सोपं होतं.

परब उभा राहिला आणि त्याने आपल्या भाषेत सुरुवात केली. दुभाष्याने त्याला थांबवून हिंदुस्थानीत बोलायला सांगितलं.

परब म्हणाला, "हिंदुस्थानीत मी हुकूम घेतंय नि देतंय. ह्या माझा हा. ह्या माझ्या भाषेत सांगतलंय."

दुभाषी कॅप्टन कानापर्यंत लाल झाले. "सर, ही मराठी आहे, पण मला पुरती कळत नाही. चुकीचं सांगण्यापेक्षा…"

कर्नल वैतागले. दुसरा दुभाषी शोधायचा म्हणजे काम तहकूब. परबला पुन्हा कोठडीत नेऊन ठेवायचं, म्हाताऱ्याने पुन्हा हेलपाटे घालायचे. कर्नल म्हणाले, "इथे कुणाला याची भाषा येते?"

बर्व्यांना कळत होती, पण बचावाच्या अधिकाऱ्याला दुभाषी होता येत नाही. मग कुणीतरी म्हणालं, "मला येते, सर."

तो आवाज माझाच होता. बर्वे गर्रकन वळले. आदल्या दिवशीचं सारं मला कळलं होतं हे त्यांच्या तेव्हाच लक्षात आलं असणार. 

मला दुभाष्याची शपथ दिली. दुभाष्याचा एक नियम आहे, तो बाहेरच्यांना माहीत नसतो. "तो म्हणतो की" असं बोलायचं नाही. तो "मी" म्हणाला तर आपणही "मी" म्हणायचं. त्याचा "मी" आपल्या तोंडाने जसाच्या तसा बाहेर पडला पाहिजे. म्हणजे मी, जिने शाळेत हात वर केला नाही, ती त्या फळ्यांच्या बराकीत एवढ्या साहेबांसमोर उभी राहून इंग्रजीत सांगू लागले: मी मशीनगनच्या मागे होतो. उजाडत होतं. पुलावर माणसं होती.

परब एकेक वाक्य बोलायचा आणि माझ्यासाठी थांबायचा. मी ते सांगायची, खाली वाकून लिहायची, परत उभी राहायची.

"एका माणसाच्या पाठीर डालगा होता. डालग्यात म्हातारी बसली होती. आमच्याकडे कोंबडे नेतत, तशी. ती सगळ्यांत पुढे. हत्यारवाले मागसून. ते माका दिसाक नाय असा मी म्हणाचंय नाय. दिसले. पण माणसांच्या मधे होते. येगळे काढूक येयत, असे नाय होते."

मग तो थांबला. इथपर्यंत त्याचं काही बिघडलं नव्हतं. हुकुमाचं नाव निघालं नव्हतं. खाली बसला असता तरी चाललं असतं. कायद्याच्या मेजरनी मला सांगितलं, आरोपीला समज द्या, यापुढे त्याने काही सांगितलंच पाहिजे असं नाही. मी ते मालवणीत सांगितलं. बर्वे टेबलावरच्या कागदांकडे बघत होते.

"माका ठाव आसा," परब म्हणाला. "गोविंदान हुकूम माका सांगल्यान. एकदा सांगल्यान, मी गप रवलंय, तर परत सांगल्यान. माझ्या कानाकडे येवन सांगल्यान. तेचा काम तेना पुरा केल्यान. फुडला काम माझा होता. मी गोळी मारूक नाय."

बराकीत वारा नव्हता. मागच्या बाकावर घाडी उभा राहिला होता. कर्नल माझ्या तोंडाकडे बघत होते. निकाल देणाऱ्यांपैकी, अध्यक्षांपासून कुणालाही, परब काय बोलला ते मी सांगेपर्यंत कळणार नव्हतं. बर्व्यांनी मान वर केली. त्यांची नजर मी आजही विसरलेली नाही. त्यांनी काही मागितलं नाही. पण मी एखादा शब्द सैल सोडला असता तर त्यांना चाललं असतं.

मी सांगितलं. गोविंदने मला हुकूम एकदा सांगितला आणि परत सांगितला, आपलं काम पुरं केलं. हुकूम मला पोचला होता. पुढचं काम माझं होतं. मी गोळी चालवली नाही.

स्वतःचाच आवाज लांबून आल्यासारखा वाटला.

परबचं संपलं नव्हतं. "दुपारी त्याच माणसांनी माझी माणसां मारली. गोविंद तेतूच गेलो. ता माझ्या डोक्यार आसा आणि रवतला. पण गुन्हो केलंय असा माका तेव्हाय वाटाक नाय, आताय वाटणा नाय, म्हणान पयल्या दिवशी 'नाय' म्हटलंय. हुकूम पोचाक नाय असा मात्र माझ्यान सांगवणा नाय."

तो खाली बसला. मीही बसले. तेवढं इंग्रजीत सांगितलं होतं, ते आता वहीत उतरवलं.

मग कोर्ट बंद झालं. निकालाचा विचार करताना सगळ्यांना बाहेर काढतात, आरोपी, दोन्ही बाजूंचे अधिकारी, पहारेकरी, मी, सगळ्यांना. आत मतं घेतात ती सर्वांत कनिष्ठ अधिकाऱ्यापासून, म्हणजे वरिष्ठांचं ऐकून त्याने आपलं मत बदलू नये. ही पद्धत मला फार आवडायची. बाहेरच्या जगात कुठेच तशी नाही. आमच्या घरात तर नाहीच.

लंगरखान्यातून इनॅमलच्या मगांमधून चहा आला. बर्वे रेलिंगला टेकून माझ्याकडे न बघता म्हणाले, "वेंगुर्लं?"

"हो."

"आणि मी तुमच्यासमोर फणसाच्या गोष्टी करत होतो."

घाडी पायऱ्या चढून वर आला. मला म्हणाला, "अंधेरीची म्हणा! अंधेरीत कधीपासना मालवणी बोलाक लागले गो?"

मी पहिल्यांदा त्याच्याशी हसले. तो मात्र परबकडे वळला. इतक्या दिवसांत दोघांत एक शब्द झाला नव्हता. पहारेकरी चुळबुळले, पण त्यांनी अडवलं नाही. घाडीने स्वतःचा मग परबच्या पुढे धरला. परबकडे त्याचा मग होताच. तरी त्याने तो घेतला, घोटभर प्यायला आणि परत दिला.

दार उघडलं. आम्ही आत जाऊन उभे राहिलो. सर्वांत तरुण अधिकारी टेबलाच्या कडेकडे बघत होता. कर्नल फिर्यादी अधिकाऱ्याकडे वळले.

"आरोपीची वागणूक आणि नोकरी, याबद्दल काही सांगायचं आहे?"

मला कळलं. बर्व्यांना कळलं. परबलाही कळलं असावं, कारण त्याने खांदे जरा सरळ केले. घाडीला कळलं नाही. त्याला वाटलं, आता चांगलं चाललंय. फिर्यादीतर्फे आधीच साक्ष देऊन गेलेले, तो हुकूम देणारे मेजरसाहेब पुन्हा उभे राहिले आणि म्हणाले, माझ्या हाताखाली याच्याइतका चांगला हवालदार दुसरा नव्हता. कोणत्या टेकडीवरून कोणाला पाठीवर आणलं ते सांगितलं. बोटं कशी गेली ते सांगितलं. मी लिहीत होते. मागून घाडी हळूच म्हणाला, "बरा सांगतत गो!" आणि मला वळून बघवलं नाही.

दोषी ठरल्यावर शिक्षा सौम्य व्हावी म्हणून बचावालाही कुणाला बोलावता येतं. बर्वे उभे राहिले आणि म्हणाले, "मृत शिपाई गोविंद घाडी याचे वडील."

हे आधी ठरलं नव्हतं. घाडी छत्री बाकावर ठेवून पुढे आला. मी परत दुभाषी झाले. बर्व्यांनी एवढंच विचारलं, परबबद्दल तुम्हाला काय सांगायचं आहे?

"ह्या माणसान माझ्या झिलाचा नाव राखल्यान," घाडी म्हणाला.

कर्नलनी पेन खाली ठेवलं. मग माझ्याकडे न बघता, थेट म्हाताऱ्याकडे बघत ते बोलले. त्यांचं वाक्य मला सांगायचं होतं. ते असं होतं: "या माणसाने हुकूम पाळला असता तर तुमचा मुलगा आज जिवंत असता. हे तुम्हाला समजलं आहे ना?"

मी घाडीकडे वळले. नियमाप्रमाणे तो प्रश्न माझ्या तोंडून जायचा होता. माझ्या आजोबांच्या वयाचा माणूस. मी सांगितलं, जितकं हळू सांगता येईल तितकं.

त्याने आधी टोपी सारखी केली.

"समाजला, साहेब. ता माका पयल्या दिवसापासना समाजला. झील माझो गेलो तो गेलो. पण हुकूम पोचवन गेलो, की न पोचवता गेलो, ह्या माका आज कळला. तेची आवस घराक वाट बघता. आता तिका सांगूक माझ्याकडे काय तरी आसा." मग परबकडे हात करून म्हणाला, "हो खोटा बोललो असतो तर सुटलो असतो. तुमका ठाव नसात. माका ठाव आसा."

ते मी इंग्रजीत सांगितलं. लिहिताना माझ्या रेघा सगळ्या जाड झाल्या. टाच कुणी आपटत नव्हतं.

शिक्षा काय झाली ते सांगून टाकते. कोर्टाने तुरुंग लिहिला होता आणि खाली दयेची शिफारस. सर्व सभासदांची होती ती. वरून मंजुरी आली तेव्हा तुरुंग माफ झाला आणि हवालदारी गेली. पायामुळे त्याला नंतर साधा शिपाई म्हणून घरी पाठवलं. योग्य झालं की नाही, मला अजून ठरवता आलेलं नाही. बर्वे म्हणत, "आपण हरलो नाही आणि जिंकलोही नाही. लष्करात याला निकाल म्हणतात."

परवा यजमानांबरोबर त्या बाजूने गेले होते. रस्ता डांबरी झाला आहे. बराकींच्या जागी कारखान्याचं कुंपण पडलंय, आत छपरांचं काम चाललंय. उस्मानचाचा नाही. चिंच आहे. मी यजमानांना म्हटलं, जरा थांबू या. त्यांना वाटलं, मला सावली हवी आहे.

त्या दिवशी कोर्ट उठल्यावर मी याच झाडाखाली टांग्यात चढत होते. घाडी मागून आला. थोड्या अंतरावर परबला घेऊन शिपाई गाडीची वाट बघत उभे होते.

"बाई," तो म्हणाला, "गोविंदाचा ता तू लिवन घेतलंस मा? सरकारच्या कागदार?"

"व्हय, काका. घेतलंय."

"माका इंग्रजीत वाचून दाखय."

"तुमका समाजाचा नाय, काका."

"नाय समाजला तरी चलात. सरकार जसा वाचतला तसा आयकाचा आसा."

मी वही उघडली. ते पान शोधून गोविंदबद्दलचं वाक्य वाचलं, गोविंदने हुकूम एकदा सांगितला आणि परत सांगितला, आपलं काम पुरं केलं. सावकाश, स्पष्ट, शाळेत वाचन व्हायचं तसं वाचलं. घाडीने डोक्यावरची टोपी काढली आणि छातीशी धरून उभा राहिला. पलीकडे परब तसाच बोडक्या डोक्याने उभा होता.

वाक्य संपलं. घाडी म्हणाला, "परत."

मी परत वाचलं. साऱ्या वाक्यात त्याला कळण्यासारखा शब्द एकच होता. तो आला की म्हातारा मान हलवायचा.